मऊ

घास तोंडात घातला आणि जिभेला केस लागला. अलकाने तो दोन बोटांत धरून ओढला तर तो येतच राहिला. वरणातून, भातातून, दाताच्या फटीतून, घशाच्या पार आतून आल्यासारखा. तिच्या स्वतःच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, राखाडी, ओला. ताटाच्या कडेला पुसला तरी बोटाला चिकटून राहिला. ती उठून बेसिनपाशी गेली, चुळा भरल्या, जीभ टॉवेलने पुसली, तर टॉवेललाही तेच केस. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला, "क्या रे शहजादे, नाराज है क्या? हां? गाल फुगवून बसलाय माझा राजा." आवाज हिम्मतरावांचा होता, तिच्या नवऱ्याचा. लाडाने ओला झालेला, शब्दांच्या शेवटी थोडा लोंबणारा. अलका बेसिनची कड धरून तशीच उभी राहिली. केसाची किळस जिभेवर होती, एका जागी होती, चूळ भरून थुंकता येत होती. ह्या आवाजाची किळस कुठे थुंकायची ते तिला कळेना.

बबलू म्हणजे ससा. पण ससा म्हटल्यावर अलकाच्या डोळ्यांपुढे जे यायचं त्यातलं ह्याच्यात काही नव्हतं. ह्याचे कान उभेच राहत नसत, फरशी पुसायच्या फडक्याची टोकं लोंबावीत तसे गालांवर लोंबत. तोंड चपटं, पिल्लू असतानाच कुणी अंगठ्याने आत दाबल्यासारखं. आकार फार तर पावशेर कापसाच्या पुडक्याएवढा, आणि त्यावर सगळीकडून बोटभर लांब केस, इतके की पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे तो हलल्याशिवाय समजत नसे. सायलीने, सुनेने, तो टोपलीतून आणला तेव्हा सांगितलं होतं, "आई, ही ब्रीडच अशी असते. मुद्दाम डेव्हलप केलेली. मोठी झाली तरी बेबीसारखीच दिसतात." ते 'मुद्दाम' अलकाच्या डोक्यात रुतून बसलं. कुठल्या तरी थंड देशात कुणीतरी पिढ्यान्पिढ्या सशांच्या जोड्या लावत बसलं असेल. ह्याचे कान आणखी पाडा, त्याचं नाक आणखी बसवा, केस आणखी वाढवा, मांडीवर मावेल एवढाच ठेवा. कशासाठी, तर कुणीतरी हात फिरवावा म्हणून. नुसत्या त्या विचाराने तिला आपल्या तळव्याला तूप लागल्यासारखं वाटायचं.

मुलगा निखिल आणि सायली शहराच्या दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला राहत होते. निखिलच्या कंपनीने त्याला टोरांटोला पाठवलं आणि फ्लॅट रिकामा करताना फ्रीज, सोफा, कुंड्या जशा वाटल्या तसा ससा मलकपेठला, अलकाच्या घरी आला. सायलीने त्याचं नाव ट्रफल ठेवलं होतं. हिम्मतरावांनी ते एकदा जिभेवर घोळवून पाहिलं आणि त्याच दिवशी त्याचा बबलू केला. अलकाला वाटलं होतं, दोन दिवसांत परत पाठवतील. महसूल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस आंबासुद्धा चिरून काट्याने खायचा. बँकेत जाऊन आला की कोपरापर्यंत हात धुवायचा. निखिल झाला तेव्हा मान धरेपर्यंत त्याला त्यांनी घेतलं नव्हतं, आणि मान धरल्यावर घेतलं ते खांद्यावर नॅपकिन टाकून. जनावर घरात म्हणजे ह्यांना सोसायचं नाही, असं गृहीत धरून ती निर्धास्त होती. आणि ते तर पहिल्याच संध्याकाळी पंचा पसरून त्याला मांडीवर घेऊन बसले. एप्रिलमध्ये त्याच्यासाठी हॉलमधला एसी दिवसभर चालू राहायला लागला. "केसाळ जनावर आहे गं, उष्मा सोसत नाही त्याला." स्वयंपाकघरात अलकाच्या ब्लाउजची पाठ गॅसपुढे भिजून अंगाला चिकटलेली असायची. त्यावर बोलायचं म्हणजे सशाची बरोबरी करायची, आणि त्या कल्पनेचीच तिला लाज वाटली.

रोज सकाळी पेपर झाला की विंचरणं. ते तासभर चालायचं. आधी पाठ, मग कुशी, मग उताणा धरून पोट. कुठे गुंता लागला की हिम्मतराव तो ओढत नसत. मुळाशी दोन बोटं दाबून धरत, म्हणजे कातडीला ताण बसू नये, आणि फणीच्या टोकाने एक एक केस सुटा करत. तोंडाने चालूच, "बस, बस, हो गया. दुखतं का माझ्या सोन्याला? नक्को रो." अलका दारातून त्या बोटांकडे बघायची. ती बोटं तिच्या ओळखीची होती. सह्या करणारी, पेपर उलटणारी, आमटी जास्त झाली की ताटावर आडवी धरली जाणारी. अंधारात तिच्या अंगावर आली होती तीही हीच, घाईत, कपाटात चाचपून काही शोधावं तशी. ह्या बोटांना सावकाशपणा येतो हे तिला माहीत नव्हतं. आणि ती भाषा! ती परभणीहून लग्न होऊन ह्या शहरात आली तेव्हा नवऱ्याचं मित्रांशी चाललेलं दख्खनी बोलणं ऐकून तिला गंमत वाटायची. हसरं, सैल, गळ्यात हात टाकणारं बोलणं. तिच्याशी मात्र ते मराठीत बोलत. 'पाणी दे.' 'कुलूप बघ.' 'निखिलची फी भरली.' तिला कधीतरी वाटलं होतं की हा माणूस मुळातच कोरडा आहे, काहींच्या अंगातच ते नसतं, त्याला तो तरी काय करणार. तीस-पस्तीस वर्षं तिने ह्या समजुतीवर काढली होती आणि चांगली काढली होती. आता कळत होतं की कोरडा वगैरे काही नव्हता. होतं, सगळं होतं, आत सांभाळून ठेवलेलं होतं, आणि ते आता एका चपट्या तोंडाच्या जनावराच्या पोटावर सांडत होतं. ते बघताना तिला दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावल्यासारखं घाण वाटायचं.

एका दुपारी ती हॉलमध्ये शेंगा सोलत बसली होती. बबलू खुर्चीखाली होता. त्याने एकाएकी मान वाकवली, तोंड स्वतःच्याच शेपटीखाली घातलं आणि काहीतरी ओढून चावू लागला. काळपट, चकाकणारं, द्राक्षांच्या बारीक घोसासारखं. मिशा हलत होत्या, डोळे अर्धे मिटलेले. अलकाच्या हातातली शेंग गळाली. "अहो, हा आपलीच घाण खातोय!" हिम्मतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "ससे खातातच. पुस्तकात लिहिलंय. दोनदा पचवतात." आणि थोड्या वेळाने त्याच तोंडाला बिस्किटाचा तुकडा देऊन, त्याच तोंडावर त्यांनी ओठ टेकवले. राणी, कामवाली, झाडू टाकून उभी राहिली होती. "क्या अम्मा, सायब तो बहोत प्यार करते उसकू," ती हसत म्हणाली. अलका शेंगांची परात उचलून आत गेली. त्या दिवशी हिम्मतरावांनी प्यायलेला कप तिने राखेने घासला.

मग नांदेडला चुलतभावाच्या साठीशांतीला जायचं निघालं. अलका गुडघ्याच्या दुखण्यामुळे जाणार नव्हती. हिम्मतराव निघताना दारात तीनतीनदा वळले. एसी बंद करू नको, केळं आवडतं त्याला, बिस्किट चहात बुडवून दे, विंचरायला नाही जमलं तरी नुसता हात फिरव. "हात फिरव हां," ते पुन्हा म्हणाले. तिने मान हलवली. ते गेले आणि घर शांत झालं, पण वास राहिला. गवताचा, मुताचा, आणि त्याखाली एक गोडसर कुजका वास जो तिला आधीही यायचा आणि विचारलं की हिम्मतराव म्हणायचे, तुझ्या नाकाचा दोष. तिने हात काही फिरवला नाही. केळं टाकलं, बिस्किट टाकलं, आणि पिंजरा ओढत बाल्कनीत नेऊन ठेवला. खिडक्या सताड उघडल्या. संध्याकाळी फोन आला, व्हिडिओवर. "त्याला दाखव ना." तिने फोन जाळीपुढे धरला. मांडवातल्या गोंगाटातून नवऱ्याचा आवाज आला, "बबलू! ए शहजादे! देख कौन है!" ससा हलला नाही. "रुसलाय माझ्यावर," हिम्मतराव म्हणाले आणि खूष झाले. तिची चौकशी राहून गेली. ती राहायचीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वास बाल्कनीचं दार ओलांडून आत आला. पिंजऱ्याभोवती हिरव्या माश्या होत्या. बबलूने केळ्याला तोंड लावलं नव्हतं. एका कोपऱ्यात तो चपटा होऊन बसला होता आणि मागच्या बाजूचे केस पातळ घाणीने लडबडून गठ्ठा झाले होते. अलकाने पदर नाकाला लावला आणि पोळी उलटायच्या चिमट्याने तो गठ्ठा थोडा उचलला. खाली कातडी थरथरत होती. ताप असेल, असं तिला वाटलं. मग दिसलं की कातडी थरथरत नाहीये. कातडीवर काहीतरी चाललंय. पांढऱ्या, लठ्ठ, एकमेकांत शिरणाऱ्या अळ्या, तांदूळ भिजत घालावेत आणि तांदूळच वळवळायला लागावेत तशा. काही आत निम्म्या घुसलेल्या, नुसती टोकं बाहेर. चिमटा फरशीवर पडला. तिने दार ओढून घेतलं, कडी लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. दारावरून, कडीवरून, स्वतःच्या मांड्यांवरून काहीतरी चालत असल्याचा भास होत होता. ती साडी झटकत राहिली.

उद्या ते येतील. ससा गेला म्हणता येईल. उष्म्याने गेला. केसाळ जनावर, सोसत नाही, त्यांचेच शब्द. कोण बघणार होतं? सकाळी राणीला सांगून पिशवीत बांधायचं, खाली कचऱ्याची गाडी येते. मग घरात केस नाहीत, वास नाही, तो आवाज नाही. विचार इतका सरळ, स्वच्छ होता की तिला क्षणभर बरं वाटलं. आणि मग तिला ते ऐकू आलं. कुत्रं विव्हळतं, मांजर ओरडतं. ससा ओरडत नव्हता. तो दात खात होता. करकर, करकर, थांबून पुन्हा करकर. बंद दारातून, एवढ्याशा तोंडातून येणारा तो आवाज तिने ओळखला. ती स्वतः अशी दात खात पडली होती, उशीचं टोक तोंडात कोंबून.

तेव्हा ती चाळिशीलाही आलेली नव्हती. पाठीवर नागीण उठली होती. आधी आग, मग फोडांचा पट्टा, खांद्याच्या फऱ्यापासून कुशीपर्यंत, मग ते फोड फुटून पाणी वाहायला लागलं. चादर पाठीला चिकटायची आणि सोलून काढावी लागायची. हिम्मतरावांनी त्याच दिवशी आपली गादी हॉलमध्ये नेली. "लागण होते म्हणतात. निखिल लहान आहे." ते वाईट वागले नाहीत. औषधं आणली. सकाळ-संध्याकाळ खोलीच्या उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, "काही हवंय का?" आणि पाण्याचा तांब्या दाराच्या आत स्टुलावर ठेवून जायचे. मलम मात्र पाठीला तिचं तिनेच लावलं, आरशाकडे पाठ करून, लाटण्याला कापूस बांधून, जमेल तिथपर्यंत. जिथे हात पोचला नाही तिथे व्रण राहिले. ती बरी झाली, पण गादी परत आली नाही. हॉलमध्ये वारा चांगला येतो, टीव्ही बघत झोप लागते, असं काहीतरी ठरून गेलं. तिनेही बोलावलं नाही. आपल्या पाठीला वास येत असेल, असं तिला कितीतरी वर्षं वाटत राहिलं, आणि अंघोळीत ती तिथे दगडाने घासायची.

बाल्कनीचं दार उघडताना तिला दया आली नव्हती. दया आली असती तर सोपं गेलं असतं. शिसारी तेवढीच होती, उलट वाढली होती. तिने जुन्या परकरात ससा गुंडाळला, कापडातून हाताला त्याची ऊब आणि ती वळवळ दोन्ही लागली, ओकारी दाबून तिने तो टोपलीत घातला आणि गुडघा धरत जिना उतरली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "क्या है जी टोकरी में? मुर्गी मरी क्या?" "जिंदा है," अलका म्हणाली. "अंबरपेठ चलो, जल्दी." मूसारामबागच्या पुलावर नदीचा नेहमीचा सडका वास आला. रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावला. तिला नदीच्या आणि टोपलीच्या वासातला फरक कळला नाही.

जनावरांची डॉक्टर तरुण होती, तेलुगू वळणाची हिंदी बोलणारी. तिने टेबलावर परकर उघडला आणि तिच्या तोंडावर काही उमटलं नाही. "मॅडम, मेरा असिस्टंट नहीं आया. आप पकडेंगे? टाइट पकडना. मत देखो." अलकाने दोन्ही तळव्यांत ससा दाबून धरला. केस कापायचं मशीन सुरू झालं. केसांचे गठ्ठे टेबलावर पडू लागले, ओले, जड. 'मत देखो' म्हटलं होतं, तरी ती बघत राहिली. डॉक्टर चिमट्याने एक एक अळी खेचून स्टीलच्या ट्रेमध्ये टाकत होती आणि ट्रेमधून बारीक टपटप ऐकू येत होती. "बिस्किट देता क्या कोई इसको? केला?" "देतात," अलका म्हणाली. "नहीं देना. पेट खराब होता, नीचे सब चिपकता, मक्खी आती. लाड करके मारते लोगां." मग मागचं झाल्यावर तिने सगळंच अंग भादरलं, कारण केसांखाली कातडी जागोजागी लाल होती. शेवटी अलकाच्या हातात जे उरलं ते बघून तिला धक्का बसला. एवढंसंच होतं. सोललेल्या कोंबडीसारखं गुलाबी, फासळ्या मोजाव्यात असं, मागे जांभळं औषध फासलेलं, आणि वर ते दोन लोंबते कान. छातीत काहीतरी भयंकर वेगाने धडधडत होतं. तिने ससा डॉक्टरच्या हातात दिला, कोपऱ्यातल्या सिंकपाशी गेली आणि भडाभडा ओकली.

हिम्मतराव दुसऱ्या दिवशी आले. बूट न काढताच "शहजादे!" म्हणत हॉलमध्ये शिरले. अलका खुर्चीत बसून सशाच्या गालात सिरिंजने पातळ खाणं सोडत होती. त्यांचा पुढे आलेला हात हवेत थांबला. ती त्या हाताकडेच बघत होती. तो थांबला, मग बोटं मिटली, मग तो खिशात गेला.

"हे काय? हे काय करून ठेवलंस त्याचं?"

तिने सांगितलं. माश्या, अळ्या, डॉक्टर, बिस्किट. पिंजरा बाल्कनीत ठेवल्याचंही सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते नुसते मागे सरकले. "झाक ते," म्हणाले. "फडकं टाक त्याच्यावर." मग बराच वेळ नळाखाली हात धुतले, कशालाच लावले नव्हते तरी.

त्यानंतर ते पेपर तोंडापुढे धरून बसायला लागले. औषध, खाणं, जखम पुसणं सगळं अलकाकडे आलं. जखमेतून पिवळं यायचं. ससा तिच्या अंगावर हगायचा. ती नाक वळवून, दात आवळून करायची, आणि झाल्यावर पदर बदलायची. एका सकाळी पेपरामागून आवाज आला, "अलका, मी काय म्हणतो, माझ्या पुतण्याचं शेत आहे ना शमशाबादकडे, तिथे सोडू ह्याला. मोकळा राहील."

"तिथे कुत्री आहेत."

"मग दे कुणालाही. मला बघवत नाही गं. खरंच बघवत नाही." आवाज ओला होता. डोळेही ओले असावेत. त्यांना मनापासून वाटत होतं की ही माया आहे.

अलकाने सिरिंज खाली ठेवली. "आल्यापासून एकदा तरी हात लावलात त्याला?"

"जखमा आहेत. इन्फेक्शन होईल."

"त्याला की तुम्हाला?"

त्यांनी पेपराचं पान उलटलं.

"माझी पाठ कशी दिसत होती, आठवतं?"

पेपर खाली आला. चष्म्यामागचे डोळे प्रामाणिकपणे गोंधळलेले होते. "कधी?" हिम्मतरावांनी विचारलं.

ती हसलीसुद्धा असेल. तिला वाटत आलं होतं की त्यांना तिची घाण वाटली आणि ती घाण ते मनात बाळगून आहेत. इतकी वर्षं ती ज्याला घासत होती ते दुसऱ्या कुणाच्या लक्षातही नव्हतं. त्यांनी पाहिलंच नव्हतं. मऊ असेल, केसाळ असेल, गप्प मांडीवर बसत असेल तर हा माणूस जीव ओवाळून टाकतो. आतली कातडी दिसली की नुसता उठून दुसऱ्या खोलीत जातो आणि विसरतो. त्यात वैर नव्हतं की दुष्टपणा नव्हता. तिला पहिल्यांदाच नवऱ्याची किळस स्वच्छ आली, जशी केसाची येते, एका जागी. आपल्या पाठीची मात्र त्या क्षणी आली नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "ससा इथेच राहील."

जखम भरली. पावसाळा संपता संपता अंगावर लव आली, मग लव दाट झाली, राखाडी, मखमलीसारखी. पेपर थोडा थोडा खाली येऊ लागला. एकदा हिम्मतराव जाता जाता थांबले. एकदा त्यांनी लांबूनच "काय रे" म्हटलं. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते दिवाणावर मांडी घालून बसले, आपल्या मांडीवर दोनदा थापटलं आणि म्हणाले, "आण त्याला इकडे. आता बरा दिसतो. आता क्या बात है, पुन्हा शहजादा होणार बघ."

अलका खिडकीपाशी खुर्चीवर बसली होती. ससा तिच्या मांडीवर होता. तिने शेजारच्या टेबलावरची कात्री घेतली, पाठीवरची लव दोन बोटांत धरली आणि मुळापासून कापली.

"अगं, अगं! काय करतेस? आत्ता कुठे केस यायला लागले होते!"

"हो. म्हणूनच."

"थंडी येतेय. वेडी आहेस का? असा उघडा..."

"त्याला शाल घालीन."

"आणि पुन्हा आले की?"

"पुन्हा कापीन."

हिम्मतराव बसल्या जागी तिच्याकडे बघत राहिले, ती कोण आहे हे आठवत असल्यासारखे. त्यांनी हात पुढे केला नाही. अलकाने कुशीची लव धरली. कातडीला ताण बसू नये म्हणून मुळाशी बोटं दाबली. खालून गुलाबी अंग दिसायला लागलं, त्यावर भरलेल्या जखमांचे सुरकुतलेले वण. ससा आक्रसला आणि तिच्या मांडीवर गरम ओल पसरली, साडीतून आत झिरपली, उग्र वास नाकात चढला. अंगावर सर्रकन काटा आला. ती उठली नाही. तिने श्वास रोखला, ससा घट्ट धरला आणि कापत राहिली.